खिडकीची अट

आमच्या कॉलेजात लोकप्रशासनाचा नवा विभाग निघणार होता. त्याचा आराखडा तीन वर्षं खपून मी केला, पण प्रमुख म्हणून सगळ्यांच्या तोंडी नाव माझ्या ज्युनिअरचं! बोलायला गोड, केस अजून काळेभोर. त्याला बघितलं की माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटच्या बैठकीत मी साळसूदपणे एक अट घुसवली. प्रमुखाने सरकारी कचेरीच्या खिडकीवर बसून किमान पाच वर्षं लोकांची कामं केलेली असावीत. प्राध्यापक होण्याआधी मी बरोबर पाच वर्षं तशी काढली होती. ज्युनिअरचा चेहरा पडला. मी दोन कप चहा प्यालो.

महिन्याने जाहिरात आली. बायकोने ती दोनदा वाचली. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर ती बावीस वर्षं बसते आहे. एम.ए. आम्ही एकाच वर्गात केलं, आणि पहिली ती आली होती.

"अहो, ही अट कुणी घातली हो? भला माणूस दिसतोय."

तिने अर्ज लिहिला आणि मलाच तपासायला दिला. मी तीनदा वाचला. एक चूक सापडेल तर शपथ!