चार इंचांचा खडा

शिंपीमास्तरांच्या दुकानात रीत ठरलेली. बायकोनं टेप लावून नुसता आकडा ओरडायचा, मास्तरांनी वहीत टिपायचा. इंच हा शब्द उच्चारायचा नाही. शिंप्याकडे दुसरं असणार काय!

मास्तरांच्या पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आला, तोही त्यांनी असाच उतरवला. अवघड इंग्रजी शब्द आला की बायको उडी मारून पुढं जायची. "लिव्हर, चौदा. किडनी, दहा. दुसरी, दहा. किडनीत खडा, चार."

मास्तरांची पेन्सिल गळून पडली. "चार? अगं, शर्टाचा खिसा झाला की हा!"

डॉक्टरीणबाईंनी सोमवारी बोलावलं होतं, म्हणजे अजून तीन दिवस. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. मरणाला ते भ्यायले, अगदी मनापासून भ्यायले. आणि तेवढ्यात त्यांना बायकोचा कोट आठवला, अकरा वर्षांपूर्वी कापून ठेवलेला. गिऱ्हाईक आधी, घरचं मग! आता ते मशीनवरून उठेनात. अस्तर लागलं, कॉलर बसली, बाह्या तेवढ्या राहिल्या. बायको शेजारी बसून बटणं लावायची आणि गुपचूप नाक पुसायची.

रविवारी मास्तरांनी वहीतल्या मापानं लिव्हर-किडन्यांचे कागद कापले. बायकोनं ते त्यांच्या बनियनला टाचले. लिव्हर काखेतून वळून पाठीवर गेलं.

"अहो, जठराला जागाच उरली नाही!"

"तरीच मला भूक नाही," मास्तर हताश होऊन म्हणाले.

सोमवारी ते कागद डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पसरले. बाई आधी बघतच राहिल्या, मग चष्मा काढून पोट धरून हसत सुटल्या. बायकोच्या गळ्यातली टेप ओढून त्यांनी उलटी केली.

"ही मागची बाजू कधी बघितलीत का? हे सेंटिमीटर. लिव्हर आणि किडन्या यात मोजल्यात. आणि या बारीक रेघा, ते मिलिमीटर. तुमचा खडा असल्या चार रेघांचा! भरपूर पाणी प्या, बहुतेक आपला आपणच पडून जाईल."

"शर्टाच्या बटणाहून लहान?"

"पुष्कळच लहान."

बायको हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता तिनं नवऱ्याच्या दंडावर दोन गुद्दे हाणले. मास्तर खुर्चीत ऐसपैस टेकले.

"चला, सुटलो बुवा! म्हणजे कोटाच्या बाह्यांची आता काही घाई नाही."

बायकोचं हसू जागच्या जागी थांबलं. तिनं टेप पुन्हा इंचांच्या बाजूला उलटवली आणि डॉक्टरीणबाईंना हात जोडले.

"बाई, बाह्या लागेपर्यंत तरी खडा चार इंचांचाच राहू द्या!"