रूपाबाईची साक्ष

कळमनुरी तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर भावसिंगच्या अंगणात सकाळपासून चूल पेटली होती. त्याची बायको रूपाबाई डाळ घोटत होती. आत चौदा वर्षांची शिला हळद लावून बसली होती. दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला जाणार. मागं पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून भावसिंगनं लग्न उरकायचं ठरवलं होतं.

दुपारी पोलिसांची गाडी आली. महिला शिपाई पुनम दाराशी आली.

"दादा, पोरगी लहान हाय. लग्न थांबवा."

भावसिंग उंबऱ्यात आडवा झाला. "घर माझं, पोरगी माझी. तुमी काहून येऊन राहिल्या?"

पुनम आत जाऊ लागली, तसं त्यानं तिला जोरात ढकललं. ती दगडावर पडली. हात मोडला.

लग्न थांबलं. बालविवाहाचा गुन्हा लागलाच, पण भावसिंगला भारी पडणार होता तो दुसरा गुन्हा: कामावरच्या पोलिसाला अडवून जखमी केल्याचा. त्या खटल्यात रूपाबाईला साक्षीला बोलावणं आलं.

तांड्याचा नाईक देविदास समजवायला आला. "भाभी, इतकंच म्हण, बाई पाय घसरून पडली. भावसिंग सुटंल."

"आन् शिला?"

"नवरदेवाकडचे अजून तयार हायत. भावसिंग सुटला की लगीन लावू."

रूपाबाईनं पुढ्यातली भाकरी बाजूला सारली. नवरा वाईट नव्हता. शिला तापानं फणफणली तेव्हा त्यानंच तिला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता. तोडीला जोडपंच लागतं; तो आत गेला, तर एकट्या बाईला मुकादम नेणार नव्हता.

कोर्टात भावसिंग तिच्याकडं एकटक बघत होता. सरकारी वकिलानं विचारलं, "पोलीसबाई पडल्या कशा?"

रूपाबाई म्हणाली, "माझ्या मालकानं ढकललं, साहेब. माझ्या लेकराला सोडवायला आली व्हती ती. मला झालं न्हाई, ते ती करून राहिली व्हती."

भावसिंगनं मान खाली घातली. त्याला कैद झाली.

तांड्यानं रूपाबाईशी बोलणं टाकलं. ती पाण्याला गेली की बायका घागरी उचलून बाजूला होतात. शिला वसतिगृहात राहून शिकते. भेटायला आलेल्या आईला तिनं विचारलं, "याडी, बा माझ्यामुळं आत गेला का?"

"न्हाई लेकरा. आमच्यामुळं गेला. लग्नाला व्हय म्हणणारी म्याबी व्हते."

परवा तांड्यात आणखी एका लहान पोरीची सोयरीक ठरली. रूपाबाई त्या दारात जाऊन बोलली. घरच्यांनी तिला हाकलून दिलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पोलीस ठाण्याची वाट धरली. सोबत कुणीच आलं नाही.