मागच्या वर्षीचा स्वातोप्लुक

चेक देशातल्या ब्रनो शहरातल्या मंडळींनी वेंदुलाला 'स्टेशनमास्तर' हे नाव ठेवलं होतं. चौदा प्रकल्पांची सॉफ्टवेअरं एकाच दिवशी, एकमेकांशी जुळलेली अशी जगासमोर आणायची, हे तिचं काम. सगळे प्रकल्प लोकांना फुकट दिले जाणारे आणि फुकटात लिहिलेले. बिनपगारी माणसाला हुकूम सोडता येत नाही. त्याला फक्त तारीख देता येते, आणि ती तो घेईलच असं नाही.

आजवर चाल अशी होती, की शेवटचा माणूस तयार होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. त्यामुळे शरदातली आवृत्ती वसंतात यायची आणि तोवर लोक ती मागितल्याचंही विसरलेले असायचे. वेंदुलाने या वर्षी जाहीर करून टाकलं, "पंधरा ऑक्टोबर. त्या दिवशी गाडी सुटली नाही, तर मी हे काम सोडलं. मग बसा पुन्हा एकमेकांची वाट बघत." तिची जागा घ्यायला कोणी पुढे येईना. यावरून ते काम किती मानाचं होतं ते कळावं.

ऑक्टोबर उजाडला तेव्हा तेरा जण तयार होते. चौदावा होता ओलोमोउत्स गावचा स्वातोप्लुक. पडद्यावर अक्षरं काढण्याचं काम त्याच्या प्रकल्पाचं, म्हणजे बाकीचे तेरा त्याच्याच खांद्यावर उभे. सप्टेंबरअखेर फ्रीझ लागतो. त्यानंतर चुका दुरुस्त करायच्या, नवं काही घालायचं नाही. फ्रीझ लागून आठवडा झाल्यावर स्वातोप्लुकने अक्षरांमधलं अंतर आपोआप ठरवणारी अख्खी नवी यंत्रणा आत सोडली आणि वर शेरा मारला, 'किरकोळ दुरुस्ती.' दुसऱ्या दिवशी चार प्रकल्पांत बटणांवरचे शब्द बटणाबाहेर लोंबू लागले.

"काढून टाक म्हणून सांग त्याला," राडिम म्हणाला. सगळे तुकडे एकत्र बांधून तपासणं हे राडिमचं खातं.

"सांगितलं की तो चार पानी मेल लिहील."

"मग?"

"मग काही नाही. जेवायला बोलावलंय शनिवारी."

शनिवारी दुपारी स्वातोप्लुक ब्रनोच्या खानावळीत हजर झाला. साठी उलटलेली, अंगात जंगलात फिरायचा कोट आणि हातात गावच्या चीझचा डबा. चीझचा वास त्याच्याही आधी आत आला होता. या मंडळींत वयाला अहो-जाहो नसतं, सगळे अरे-तुरेच.

"हे बघ पोरी," बिअरचा फेस ओठांवरून पुसत तो म्हणाला, "अंतर चुकीचं होतं, मी बरोबर केलं. दुरुस्ती नाही तर काय? बटणंच लहान आहेत तुमची. जानेवारीपर्यंत थांबा, सगळं चोख करून देतो."

"तू निवांत कर की," वेंदुला म्हणाली. "घाई कोणी केली?"

स्वातोप्लुकने काटा खाली ठेवला. भांडणाची तयारी करून आलेल्या माणसाला हे अपमानास्पदच.

"म्हणजे थांबणार तुम्ही?"

"छे. जो तयार नाही, त्याची मागच्या वर्षीची आवृत्ती गाडीत बसते. नियम झालाय तसा."

"कधी? मला कोणी विचारलं?"

"सप्टेंबरात सगळ्यांना विचारलं. तीन दिवसांत हरकत आली नाही तर होकार, ही पद्धत तूच घालून दिलेली. तेव्हा कुठे होतास?"

"सप्टेंबरात?" तो दुखावून म्हणाला. "अळंबी वेचायला! सप्टेंबरात माणूस आणखी कुठे असतो?"

"सापडली?" राडिमने विचारलं.

"टोपल्या भरून," स्वातोप्लुक म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू पडला. "मागच्या वर्षीची म्हणजे... ती टोपीवाली?"

तीच. चेक लिपीत काही अक्षरांवर टोपीसारखी छोटी खूण असते; त्या आवृत्तीत ती टोपी घसरून शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर बसायची. वर्षभर हा माणूस दिसेल त्याची त्यासाठी माफी मागत होता. खुद्द त्याच्या कोवार्झिक या आडनावातच तसं एक अक्षर होतं.

"तेरा प्रकल्पांत," वेंदुला शांतपणे ग्रेव्हीत क्नेडलिकचा उकडलेला गोळा बुडवत म्हणाली, "प्रत्येकाच्या खाली तुझं नाव. तिरक्या टोपीचं."

"ती टोपी मी कधीच सरळ केलीय!"

"हो, पण नव्या यंत्रणेसोबत. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलीस. मी गाठोडी सोडत बसत नाही."

स्वातोप्लुकने उरलेली बिअर एका दमात संपवली.

"तू फार दुष्ट बाई आहेस."

"बिअर मागवू?"

"आधी लॅपटॉप ठेवायला जागा कर."

ताटं सरकवून त्याने तिथेच नवी यंत्रणा उपसून बाहेर काढली आणि टोपीची दुरुस्ती तेवढी मागे ठेवली. काढताना प्रत्येक ओळीला तो शिवी देत होता, पण हात थांबत नव्हते. राडिमने सगळं पुन्हा बांधून पाहिलं. शब्द निमूटपणे बटणांत परतले.

पंधरा ऑक्टोबरला सकाळी गाडी सुटली, चौदाही डबे घेऊन. स्वातोप्लुकच्या आडनावावरची टोपी जिथे हवी तिथे होती.

त्याच आठवड्यात वेंदुलाने पुढचा प्रस्ताव पाठवला. पुढच्या वर्षीपासून फ्रीझ सप्टेंबरच्या सुरुवातीलाच लागावा, अळंबीच्या मोसमाबरोबर. ज्यांना हात लावू द्यायचा नाही, ते जंगलात असलेले बरे, हे तिने प्रस्तावात लिहिलं नव्हतं.

तिची कॉफी निवायच्या आत उत्तर आलं. स्वातोप्लुकने आयुष्यात लिहिलेली ती सर्वांत छोटी मेल असावी.

"हरकत नाही. मात्र मी हे वाचून लिहितो आहे, याची नोंद घ्यावी."