सुमन पोतनीस, चौथा क्रमांक

मृणाल हरली हे सुहासरावांना कळलं तेव्हा ते वरणाला फोडणी द्यायच्या तयारीत होते. ऑगस्टातला रविवार होता, दुपारचे साडेबारा झाले होते. उज्जैनच्या माधव नगरातल्या घरात ते एकटेच होते. मुलगी भार्गवी इंदूरला, आणि बायको मृणाल परदेशात, आशियातल्या ज्येष्ठ खेळाडूंच्या स्पर्धेला गेलेली. फोन वाजला तसा त्यांनी गॅस बंद केला.

"अहो, चौथी," ती म्हणाली.

"चौथी म्हणजे?"

"म्हणजे तीन बाया पुढे होत्या."

पाच हजार मीटर चालण्याची शर्यत होती, पंचावन्न ते एकोणसाठ वयाच्या बायकांची. हे चालणं म्हणजे जेवणानंतरचं फिरणं नव्हे. एक पाय सतत जमिनीला टेकलेला लागतो आणि गुडघा वाकलेला चालत नाही. पंच नजर ठेवून असतात, चूक दिसली की बाहेर काढतात. मृणालनं सरकारी शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवली होती आणि गेली सहा वर्षं ती रोज सकाळी नानाखेड्याच्या मैदानावर साडेबारा फेऱ्या मारत होती, कारण साडेबारा फेऱ्यांचे पाच हजार मीटर होतात. तिला तेहतीस मिनिटं एकेचाळीस सेकंद लागले. तिसरी बाई तीन सेकंद आधी पोचली होती.

"ती तिसरी पंचावन्नची नव्हती हो," ती म्हणाली. "गुडघ्यांवरून कळतं."

"आता तू गुडघे बघून वय सांगणार?"

"तीस वर्षं पोरींचे गुडघेच बघत आलेय मी. ऐका ना, तक्रार करता येते इथे. अर्ज लिहून द्यायचा असतो. देऊ का?"

"राहू दे. परक्या देशात तमाशा कशाला? या वयात तिसरी काय अन् चौथी काय."

मग ती म्हणाली, "वरण करपेल तुमचं," आणि तिनं फोन ठेवला.

घरी आल्यावर तिनं हा विषय काढला नाही. सुहासरावांनी समजून घेतलं की विषय संपला. विद्युत मंडळातून निवृत्त झालेला माणूस, तक्रार परत आली नाही म्हणजे ती मिटली असं समजायची त्यांना सवयच होती.

डिसेंबरात एका सकाळी मृणाल मैदानावरून आली, बूट काढायला दारातल्या स्टुलावर बसली आणि तिथेच गेली. डॉक्टर आले ते फक्त सांगायला.

मार्चमध्ये विक्रांत घरी आला. तो जिल्ह्यातल्या ज्येष्ठ खेळाडूंच्या संघटनेचा सचिव, टावर चौकात त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान. हातात पेढ्यांचा डबा होता आणि तो द्यावा की न द्यावा हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यानं तो टीपॉयवर ठेवला आणि जरा दूर सरकवला.

"अंकल, मॅडम तीसरी आ गईं," तो म्हणाला.

तिसऱ्या आलेल्या बाईविरुद्ध पाचव्या आलेल्या बाईच्या संघानं तक्रार केली होती. चौकशी झाली. स्पर्धा सुरू झाली त्या दिवशी तिसऱ्या बाईला पंचावन्न पुरी व्हायला चार महिने कमी होते. तिचं नाव निकालातून काढलं होतं. सुधारित निकाल विक्रांतनं मोबाईलवर दाखवला. तिसरा क्रमांक, सुमन पोतनीस, भारत.

सुहासरावांनी मोबाईल हातात घेतला, पाहिला आणि परत दिला. त्यांना बायकोचा भयंकर राग आला. ऑगस्टमध्ये तिनं अर्ज दिला असता तर पदक गळ्यात घालून आली असती. मग आठवलं, अर्ज देऊ नको असं कोणी सांगितलं होतं. राग तसाच राहिला, फक्त त्याला कुठे जावं ते कळेना.

"मेडल आप ले सकते हो," विक्रांत म्हणाला. "वारिस के नाते. बस डेथ सर्टिफिकेट लगेगा. पंद्रह मई तक भेजना है, उसके बाद वो नहीं देंगे."

"एवढंच ना? दाखला आहे."

त्यांनी कपाटातून दाखला काढून दिला. विक्रांतनं वाचला. मग मोबाईल पाहिला. मग परत दाखला.

"अंकल, ये मृणाल कौन?"

पोतनिसांच्या घरात सुनेचं नाव बदलायची पद्धत होती. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. सुहासरावांच्या आईचं बदललं होतं, आजीचं बदललं होतं. त्यांनी स्वतः मृणाल हे नाव निवडलं, महिनाभर विचार करून निवडलं. सुमनला विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती. तेव्हापासून ती घरात मृणाल झाली. बाहेर मात्र मार्कशीट, नोकरी, पासपोर्ट, सगळीकडे सुमनच राहिली. आडनाव तेवढं तिनं बदलून घेतलं. शाळेत तिला पोतनीस मॅडम म्हणत, त्यामुळे नावाचा प्रश्न कधी आलाच नाही. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाचा समग्र आयडी असतो. त्याची यादी करायला वॉर्डातली बाई घरी आली होती, तेव्हा सासूबाईंनी सगळ्यांची नावं सांगितली आणि सुनेचं मृणाल सांगितलं. मृत्यूची नोंद करताना सुहासरावांनी तोच आयडी पुढे केला. नाव विचारलं तेव्हाही त्यांच्या तोंडून मृणालच आलं. त्या दिवशी दुसरं काही येण्यासारखं नव्हतं.

थोडक्यात, पदक सुमनला मिळालं होतं आणि कागदावर मेली होती मृणाल.

दुसऱ्याच दिवशी ते महापालिकेच्या जन्म-मृत्यू शाखेत गेले. खिडकीत एक चष्मेवाला क्लर्क होता. त्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"सुमन जी आपकी कौन?"

"पत्नी."

"और मृणाल जी?"

"पत्नी."

क्लर्कनं पेन खाली ठेवलं. "दोनों?"

मागच्या टेबलावरचा माणूस फाइलीत तोंड घालून हसला. सुहासराव म्हणाले, "एकच होती. हमारे में शादी में नाम बदलते हैं."

"बदलते हैं तो कहीं लिखवाते क्यों नहीं?"

"लिखते हैं. तांदळात."

ते लग्नाचा अल्बम घेऊन गेले होते. त्यांनी फोटो दाखवला. ताट होतं, तांदूळ होते, पण भटजींचा हात मधे आला होता आणि फक्त 'णाल' एवढंच दिसत होतं. क्लर्कनं चष्मा वर करून पाहिलं. माणूस वाईट नव्हता.

"अंकल, चावल पे लिखा यहाँ नहीं चलता."

त्यानं दोन रस्ते सांगितले. पहिला सोपा. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं शपथपत्र द्यायचं. तिच्या माहेरच्या, लग्नाआधीपासून ओळखणाऱ्या नातेवाइकाची सही हवी, मुलीची चालणार नाही. मग दाखल्यावर 'मृणाल उर्फ सुमन' असं येईल. दहा दिवसांचं काम. दुसरा रस्ता म्हणजे नावच दुरुस्त करायचं, मृणाल काढून सुमन घालायचं. त्यालाही माहेरची सही लागते आणि फाइल वरच्या साहेबांकडे जाते. "उसका कोई भरोसा नहीं," क्लर्क म्हणाला. "चार महीने, छह महीने. पहला वाला कर लो."

सुहासरावांनी पहिला निवडला. वकिलाकडून शपथपत्र टाइप करून घेतलं आणि नानाखेड्याहून देवासची बस धरली. सुमनचे आईवडील गेले होते. माहेरचा म्हणून एकच उरला होता, देवासला राहणारा धाकटा भाऊ, बापू.

बापूनं चहा दिला, शेव दिली, तब्येतीचं विचारलं. मग कागद हातात घेतला.

"उर्फ," तो म्हणाला. "चोरांची नावं अशी छापतात पेपरात."

"सरकारी भाषेत असंच लिहितात, बापू."

"मग सुमन उर्फ मृणाल लिहा."

"दाखल्यावर मृणाल आहे. म्हणून ते आधी."

"दाखल्यावर कोणी घातलं?"

सुहासरावांनी शेवेची बशी पुढे मागे केली.

"भावोजी, तुम्ही राग मानू नका," बापू म्हणाला. "तेहतीस वर्षांत मला एकदाही तिला त्या नावानं हाक मारता आली नाही. पहिली दोन-तीन वर्षं मी फोन करायचो, तर तुमच्या आई म्हणायच्या, इथे कोणी सुमन नाही. आणि ठेवून द्यायच्या. तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही," सुहासराव म्हणाले. ठाऊक होतं. दोनदा ते स्वतः फोनजवळच बसलेले होते.

"मी उर्फवर सही करणार नाही. दाखला दुरुस्त करा, त्यावर सुमन घाला. मग जिथे म्हणाल तिथे करतो. अंगठापण देतो."

"अरे, त्याला सहा महिने लागतात. मुदत पंधरा मेची आहे. पदक जाईल. तू हट्ट करतोस आणि नुकसान तिचं होतंय, एवढंही कळत नाही तुला?"

"आता तिचं काय नुकसान होणार आहे?" बापू शांतपणे म्हणाला. "नुकसान तुमचं होईल. तुम्हाला पदक पाहिजे आणि तुम्ही ठेवलेलं नावपण पाहिजे."

सुहासराव उठले. चप्पल घालताना म्हणाले, "तू लहानपणापासून असाच आहेस." ते बापूला त्याच्या लहानपणी ओळखतही नव्हते. बापूनं ते दुरुस्त केलं नाही.

बसमध्ये त्यांच्या डोक्यात भांडण चालूच राहिलं. बापूशी झालं, मग आईशी झालं, मग भटजीशी, ज्यानं नेमका हात मधे घातला. देवासहून उज्जैनला पोचेपर्यंत एकदाही ते जिंकले नाहीत. घरी येऊन भार्गवीला फोन केला.

"तुझा मामा वेडा आहे," ते म्हणाले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "मी बोलू का त्याच्याशी? माझं ऐकेल तो."

"बोल. सांग त्याला, दहा दिवसांचं काम आहे."

"सांगते. पण बाबा, एक विचारू? आईला मृणाल आवडायचं का हो?"

"आवडायचंच. चांगलं नाव आहे."

"नाव चांगलंच आहे. मी तिला आवडायचं का ते विचारतेय."

"मग तूच सांग. तुला काय म्हणाली होती?"

"काही नाही. म्हणूनच तुम्हाला विचारतेय. मला वाटलं तुम्हाला सांगितलं असेल."

सुहासरावांनी आठवून पाहिलं. तेहतीस वर्षांत ती हाकेला ओ द्यायची, एवढंच त्यांना आठवलं. ओ देणं म्हणजे आवडणं, असं त्यांनी धरलं होतं. जसं ऑगस्टनंतर ती शर्यतीबद्दल बोलली नाही म्हणून विषय संपला असं धरलं होतं.

"राहू दे," ते म्हणाले. "मामाशी बोलू नकोस."

सोमवारी ते परत खिडकीत गेले आणि दुसरा फॉर्म मागितला.

"अंकल, वो दस दिन वाला छोड़ रहे हो?" क्लर्क म्हणाला. "मेडल का क्या?"

"फॉर्म दे दो भैया."

फॉर्मवर दोन रकाने होते. पहिल्यात चुकीचं नाव लिहायचं होतं, दुसऱ्यात बरोबर. सुहासरावांनी चुकीच्या रकान्यात मृणाल लिहायला घेतलं. मृ लिहिला आणि पेन थांबलं. मागे रांग होती. एक माणूस म्हणाला, "बाबूजी, घर से लिख के लाया करो." त्यांनी उरलेली दोन अक्षरं भराभर लिहिली. बरोबरच्या रकान्यात सुमन लिहिलं. अक्षर वाईट आलं. हे नाव त्यांनी आजवर कधी लिहिलंच नव्हतं, लग्नाची पत्रिकाही वडिलांनी छापून आणली होती.

बापू बुधवारी स्वतः देवासहून आला आणि तीन ठिकाणी सह्या केल्या. जाताना खिडकीबाहेर म्हणाला, "भावोजी, पदक गेलं तर मला शिव्या द्या."

"देणारच आहे," सुहासराव म्हणाले.

एप्रिलमध्ये ते नऊ वेळा त्या शाखेत गेले. फाइल वर गेली, एक कागद कमी म्हणून खाली आली, सासरच्या आडनावाचा पुरावा जोडून परत वर गेली. साहेब रजेवर गेले. मग निवडणुकीच्या कामावर गेले. मग आले तेव्हा पंचक्रोशी यात्रेची गडबड होती. क्लर्क आता त्यांना बघूनच मान हलवायचा, म्हणजे त्यांना खिडकीपर्यंत जायलाही लागू नये. विक्रांतनं स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेला मुदतवाढीसाठी दोन पत्रं पाठवली. एकाचं उत्तर आलं, त्यात नियम क्रमांक होता. दुसऱ्याचं आलं नाही.

सोळा मेला सकाळी विक्रांतनं दुकानातून फोन केला. "अंकल, कल की तारीख निकल गई. मैं फिर भी लिखता रहूँगा."

"लिहीत राहा," सुहासराव म्हणाले, आणि छत्री घेऊन उन्हात शाखेकडे निघाले.

हे लिहीपर्यंत जून लागला आहे. निकालात सुमन पोतनीस तिसरी आहे. दाखल्यावर अजून मृणाल आहे, फाइल साहेबांच्या टेबलावर आहे, आणि पदक आणायचं राहिलं आहे.