एकच काळी गोटी

एल्मर स्ट्राउडचा नुसता जळफळाट चालला होता, आणि का होऊ नये? ओहायोतल्या त्या ब्रशच्या कारखान्यात त्याने बारा वर्षं मान मोडून काम केलं होतं. आणि हा रॉस्को डीन! परवापरवापर्यंत दारोदार ब्रश विकत फिरत होता मेला. सिनेमातल्या बड्या लोकांकडे बघून टोपी उचलायला शिकला, भाड्याचा कोट चढवून मालकांच्या मेजवानीला गेला, आणि आता विक्रीप्रमुखाच्या खुर्चीसाठी त्याचं नाव एल्मरच्या बरोबरीने!

वर व्हिट्कॉम्बसाहेबांनी, म्हणजे मालकांनी, त्याला क्लबचा सभासद करून घ्यायचं मनावर घेतलं.

"किती गोड हसतो रे तो," एल्मरची बायको व्हर्ना न्याहारीला म्हणाली. "अगदी सिनेमातल्यासारखा."

"मग जा ना त्याच्याकडेच!" एल्मरने टोस्ट बशीत आपटला.

शनिवारी क्लबात मतदान झालं. एकेकाने पडद्यामागे जायचं आणि पेटीत गोटी टाकायची. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. एक जरी काळी निघाली, तरी माणूस बाद. कोणी टाकली, हे विचारायचं नाही. एल्मरने काळी उचलली. सरळ पेटीत टाकली. मग त्याला इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन तो रॉस्कोबद्दल दोन शब्द चांगलेही बोलला.

पेटी उघडली. काळी एकच होती. रॉस्को बाद झाला.

सोमवारी साहेबांनी एल्मरला बोलावलं. "विक्रीप्रमुख रॉस्कोला करतोय."

"पण साहेब, क्लबने तर त्याला..."

"म्हणून तर! ज्याच्यावर लोक एवढे जळतात, त्याच्यात काहीतरी असणारच." साहेबांनी सिगार पेटवला. "तू क्लबात आलास तेव्हा तुझं नाव मीच सुचवलं होतं, आठवतं? मला धाकधूक होती, कोणीतरी खोडा घालणार. पण सगळ्या पांढऱ्याच निघाल्या. तुझं कोणाला काही वाटतच नाही बघ."

एल्मर बाहेर आला. रॉस्कोभोवती गर्दी जमली होती. अभिनंदन करता करता दोघा-तिघांचे चेहरे आंबट झाले होते. ते आंबट चेहरे एल्मरने बरोबर ओळखले, आणि त्याला त्यांचाही हेवा वाटला. त्याच्याकडे बघून असं तोंड आजवर कोणीच केलं नव्हतं.