ओझ्यासकट माप

माझ्या थोरल्या भावाला, थॉमसला, एक साधी गोष्ट समजावून सांगता सांगता माझा अख्खा ऑगस्ट गेला. गाडी रिकामी असताना चाकांची अलाइनमेंट करून काही उपयोग नसतो. जे ओझं घेऊन ती रस्त्यावर धावणार, ते सगळं आधी तिच्यात भरायचं, माणसंसुद्धा, आणि मग माप घ्यायचं. ओझ्यानं स्प्रिंगचे पाटे खाली बसतात, पाटे बसले की पुढची चाकं दिशा सोडतात. माझ्याकडे येणाऱ्या केळीवाल्या ट्रकच्या क्लीनरलाही हे कळतं.

माणिकपूरला स्टेशनच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. चौदा वर्षं झाली. विरारपासून लोक गाड्या घेऊन येतात आणि मी 'ही पुढं नेऊ नका' म्हटलं तर नेत नाहीत. घरात मात्र माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

थॉमस गेल्या वर्षी, म्हणजे त्र्याऐंशी साली, कुवेतहून कायमचा परत आला. तिकडं त्यानं गोऱ्या साहेबांची चाकांवरची घरं पाहिली होती. आल्या आल्या त्यानं एक जुनी मिनीबस घेतली, सीट उपटून टाकल्या आणि सुताराला बसवलं. सहा झोपायच्या फळ्या, स्टोव्हला ओटा, मागच्या बाजूला पाण्याची लोखंडी टाकी, टपावर सामानाचा सांगाडा. तो तिला कॅरव्हॅन म्हणायचा. आमच्या आळीत सगळे तिला घरगाडी म्हणत.

हे सगळं आयसाठी होतं, एवढं मी कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी आयला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, पाय गेले. तिनं मनातल्या मनात तमिळनाडूतल्या वेलंकणी मातेला नवस केला: बोलता आलं तर तुझ्या पायाशी येईन. आठ महिन्यांनी वाचा आली, पाय काही आले नाहीत. तिला रेल्वेनं इतक्या लांब नेणं, डब्यातल्या संडासापर्यंत उचलून नेणं जमण्यासारखं नव्हतं. रोज सकाळी तिला मीच उचलतो, मोरीत, मग खुर्चीत, मग ओटीवर, त्यामुळे मला ते पुरतं ठाऊक आहे. घरगाडीत ती आडवी राहून जाऊ शकली असती. आठ सप्टेंबरच्या सणाला पोहोचायचं ठरलं.

आता या गाडीची अलाइनमेंट थॉमसनं केव्हा केली? फेब्रुवारीत. मुंबईत, कुठल्याशा मोठ्या गॅरेजात, मशीनवर. सुतारानं गाडीला हात लावला तो मार्चमध्ये. म्हणजे चाकं सरळ केली ती रिकाम्या डब्याची, आणि नंतर त्या डब्यात सागवानाची फळी, टाकी, सिलिंडर, तांदूळ, भांडी असं सगळं कोंबलं. मशीनमधून निघालेला कागद त्यानं प्लॅस्टिकमध्ये घालून आरशाला टांगला होता, रोझरीच्या माळेशेजारी. तो कागद बघितला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ऑगस्टभर तो सामान भरून हौसेनं फेऱ्या मारत होता. कधी चंदनसारला सासुरवाडीकडे, कधी राजोडीच्या किनाऱ्यावर. नवे टायर होते. तिसऱ्या आठवड्यात मी पुढच्या टायरवर तळवा फिरवला. एका बाजूनं हात गुळगुळीत गेला, उलट फिरवला तर रबर करवतीसारखं लागलं. आतली कड तर नव्या टायरची वाटतच नव्हती.

"दादा, स्टिअरिंग डावीकडं ओढतंय ना?" मी विचारलं.

"थोडंसं. रस्ते खराब आहेत."

"रस्त्याला काय बोल लावतोस? चाकं फाकलीत. गॅरेजवर आण, भरलेली आण. दोन-तीन तासांचं काम आहे."

"आलोशियस, मशीननं केलंय ते. तू काय सुतळी धरून मशीनपेक्षा जास्त सांगणार?"

"मशीननं रिकामी गाडी पाहिली!"

"पुरे झालं," तो म्हणाला आणि टायरवर पाणी मारायला लागला. पालथ्या घड्यावर पाणी.

नवे टायर टाकले, खड्ड्यात दणका बसला, स्टिअरिंग ओढायला लागलं, ओझं बदललं, यातलं काहीही झालं तरी गाडी दाखवायची असते. इथं चारही गोष्टी झाल्या होत्या आणि हा माणूस कागद दाखवत होता. घाटात टायर फुटला तर बाकीचे काहीतरी धरतील, दांडा, खिडकी, एकमेकांना. आय काय धरणार? तिचा एक हात नीट मिटतही नाही. या विचारानं मला जेवण जाईना.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी फादर आले, गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं, प्रार्थना झाली. फादर सायकलवर टांग टाकून गेले आणि मी गाडीखाली शिरलो. दोन पुढची चाकं जोडणारा जो दांडा असतो, त्याची एक बाजू सोडवली, तिचा नट खिशात टाकला आणि बाहेर येऊन हात पुसले.

"आता ने कुठं न्यायची ती," मी म्हणालो.

थॉमस खवळला. अख्खी आळी गोळा होईल इतका ओरडला. माझी पोटदुखी आहे म्हणाला. तो परदेशात गेला, मी इथंच ग्रीस चाटत राहिलो, म्हणून मला त्याचं बघवत नाही म्हणाला. मीही काही कमी बोललो नाही. त्याला उंटावरचा शहाणा म्हटलं, आणि त्याहून वाईट जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. कॅथरिन वहिनी मध्ये पडली तर तिलाही मी गप्प केलं, त्याचं मला पुढं वाईट वाटलं.

शेवटी ओटीवरून आयचा आवाज आला. आय राजोडीची, लग्नाला पन्नास वर्षं झाली तरी बोली तिकडचीच.

"थॉमस, त्याला माप घेऊ दे. नट कोनाच्या खिशात हाय? त्याच्याच ना? मग भांडून गाडी चालनार हाय काय?"

थॉमसनं किल्ली माझ्यापुढं टाकली. मी नट लावला, गाडी हळूहळू गॅरेजवर आणली, मागून आयला रिक्षातून. रिक्षात बसवताना तिनं माझा हात एकदाच दाबला. मला वाटलं, चला, या घरात एका माणसाला तरी कळतंय. पंधरा दिवस गॅरेज बंद ठेवायचं मी सगळ्या गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवलं होतं, अवजारांची पिशवी भरून ठेवली होती. वाटेत काही झालं तर मी आहेच, असं मी धरून चाललो होतो.

गाडी सपाट जागी उभी केली. टाकी काठोकाठ भरली. सामान जसंच्या तसं ठेवलं. आयला उचलून तिच्या खालच्या फळीवर निजवलं. थॉमस स्टिअरिंगवर, वहिनी शेजारी, बेला आणि अँजेलिना या पुतण्या वरच्या दोन फळ्यांवर. मी पुढची चाकं उचलून टायरवर खडूची रेघ मारली, गाडी खाली ठेवली, मापाची सळई घेतली. तेवढ्यात ध्यानात आलं की पुढच्या दोघांच्या फळ्या धरूनही एक फळी रिकामी उरते.

"वहिनी," मी बाहेरून ओरडलो, "मी तर खाली राहणार. माझ्या वजनाचं काहीतरी त्या फळीवर ठेव. समोरच्या मेहतांच्या दुकानातून तांदळाचं पोतं मागव."

मग वहिनी खिडकीतून डोकावली.

"पोतं कशाला, भावोजी? मार्सेल येतोय ना. आत्ता पोचेलच."

मार्सेल वहिनीचा भाऊ. त्याच्याकडे कॅमेरा आहे.

मी सळई धरून तसाच उभा राहिलो. थॉमस समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडे बघत होता. दहा मिनिटांत मार्सेल आला, गळ्यात कॅमेरा, सगळ्यांना हात हलवून सहाव्या फळीवर चढला आणि गाडीचा मागचा भाग थोडा आणखी खाली बसला. ओझं आता पूर्ण झालं होतं.

मी माप घेतलं. दोन्ही रेघांमधलं अंतर मागच्यापेक्षा पुढून सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी हवं, ते पाच सूत जास्त निघालं. मी सळई उचलून थॉमसच्या खिडकीशी धरली. त्यानं बघितलं आणि नजर पुन्हा रस्त्याकडं वळवली. मग मी गाडीखाली शिरलो. डोक्यावर सहा माणसांचं वजन घेऊन दांडा फिरवत होतो, माप घेत होतो, पुन्हा फिरवत होतो. रागात पाना दोनदा घसरला आणि मी त्याला शिव्या दिल्या, कारण हे काम रागानं करायचं नाही. हा नट उलटा फिरवला तर, असंही मनात आलं. पण वर आय होती. मी तो सूतभर बरोबर आणला, केसाचाही फरक ठेवला नाही.

बाहेर आलो तेव्हा आयचा आवाज आला. मला ती आलोस म्हणते. "आलोस कुठं निजनार? फळ्या तर भरल्या."

"आय, त्याचं गॅरेज आहे," थॉमस म्हणाला. "तो कसा येणार?"

"मग मला उचलनार कोन?"

"मार्सेल आहे की."

आयनं मान पत्र्याकडं वळवली. नवस तिचा होता.

थॉमस खाली उतरला. माझ्या तोंडाकडे न बघता त्यानं वाकून नव्यानं जोडलेल्या दांड्यावर हात फिरवला. "हे बघ, तुला यायचंच असेल तर मधल्या वाटेत गादी टाकू. अडचण होईल, पण होईल."

"नको," मी म्हणालो. "माप सहा माणसांवर घेतलंय. मी चढलो तर ते बिघडेल."

इतक्या मोठ्या गाडीचं माप एका माणसानं बिघडत नाही. क्लीनरलाही ते कळलं असतं. थॉमसनं थोडा विचार केला आणि मान डोलावली.

"हो, बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. इतक्या वर्षांत गाडीबद्दलचं माझं म्हणणं त्यानं ऐकलं ते हे पहिलं.