सासरच्या पट्ट्या

शलमोन मास्तरांचं उजवं अंग आषाढात गेलं, आणि त्याच दिवशी चर्चमधला पियानोही मुका झाला. प्रवरेकाठच्या त्या गावात पियानो वाजवणारा माणूस तो एकच. चर्चच्या भिंतीला भिंत लावून असलेल्या खोलीत आता ते बाजेवर पडून होते. वाचा गेलेली. डावा हात तेवढा धड, पण त्या हातानं मास्तर काही मागत नसत. भिंतीकडं तोंड करून पडायचं आणि बायकोनं, रेबेकानं, चमचा ओठाला लावला की दात घट्ट मिटायचे.

नाताळात नगरहून कुणी पाहुणे आले होते. त्यांनी हौसेनं पियानो उघडून एक गीत वाजवलं. भिंतीतून सूर आला तसे मास्तर वळले. आपसूक तोंड उघडलं. रेबेकानं अख्खी वाटीभर कांजी त्यांना पाजली आणि रिकामी वाटी हातात धरून कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. पाहुणे गेले. मास्तरांची पाठ पुन्हा तिच्याकडं झाली.

म्हणून फेब्रुवारीत चर्चच्या सभेत मंडळीचे सेक्रेटरी काकासाहेब जेव्हा म्हणाले, "ईस्टर झाला की पियानो नगरच्या चर्चला देऊन टाकू, इथं नुसती वाळवी पोसायची," तेव्हा मागच्या सतरंजीवर बसलेली रेबेका उभी राहिली.

"मी वाजवते," ती म्हणाली.

"तुम्ही?" काकासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "रेबेकाबाई, तुम्ही तर पानं उलटत होता."

"तीस वर्षं उलटली."

"अहो, पान उलटणं वेगळं. नोटेशन वाचता येतं का तुम्हाला?"

"नाही येत."

कुणीतरी हसलं. काकासाहेब हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. "झावळ्यांच्या रविवारी वाजवून दाखवा," ते म्हणाले. "तोवर मी नगरला कागद धाडत नाही."

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा, एप्रिलच्या मध्याला होता. हातात दोन महिने होते. पण हात कुठं रिकामे होते?

ते त्र्याहत्तर साल, दुष्काळाचं. नदीत वाळू, विहिरीत दगड. मिशनच्या बोर्डिंगात साठ मुली, आणि त्यांच्यासाठी आलेली ती परदेशी लाल ज्वारी, मिलो. तिच्या पिठाला चिकटपणा म्हणून नाही. कढत पाण्याची उकड घेऊन, गरम असतानाच मळून थापावी, तरी तव्यावर पडेपर्यंत भाकरीचे चार तुकडे. रेबेका आणि तिच्या जोडीची स्वैपाकीण छबूबाई, दोघी मिळून रोज शंभरावर भाकरी थापत. बोटांची टोकं भाजून भाजून निबर झालेली. घरी येऊन मास्तरांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, कपडे बदलायचे. दुपारी तीनला ते डुलकी घेत. तेवढा तास तिचा, तोही त्यांची झोप मोडणार नाही इतक्या हलक्या हातानं.

पहिल्या दिवशी तिनं गीतांचं पुस्तक उघडून समोर ठेवलं आणि सवयीनं डावीकडं उभी राहिली. मग तिचं तिलाच ओशाळल्यागत झालं. स्टुलावर बसायचं होतं. बसली. कागदावर पाच-पाच रेघा आणि त्यांवर चढलेल्या मुंग्या. या मुंग्या तिनं तीस वर्षं पाहिल्या होत्या, पण त्यांतली एक कधी तिच्याशी बोलली नव्हती. तिला ठाऊक होतं ते एवढंच, की मास्तरांची हनुवटी हलली की पान उलटायचं. तिनं पुस्तक मिटलं.

मास्तरांचा हात मात्र तिच्या डोळ्यांसमोर होता. कुठून उठायचा, कुठं उतरायचा, कोणतं बोट कुणाच्या शेजारी बसायचं. पण पट्ट्या सगळ्या सारख्या. पांढरी शेजारी पांढरी. नाव नसलेलं माणूस ओळखायचं कसं? तेव्हा तिनं नावं ठेवायला घेतली.

पियानोच्या मधोमध कुलपाचं भोक होतं. तो झाला उंबरा. उंबऱ्याच्या डावीकडं सासर, उजवीकडं माहेर. काळ्या पट्ट्या दोन-दोन, तीन-तीनच्या घोळक्यानं उभ्या होत्या, ते दीर. दोघा दिरांच्या मधली पांढरी, ती सासू. तिच्या खालची जाऊ, मग धाकटी जाऊ, मग नणंद. काही पट्ट्या उन्हानं वाकून अडकल्या होत्या. दाबल्या तरी हूं का चूं करत नसत. त्यांना तिनं चुलत सासरे म्हटलं. बोर्डिंगातून पदराला बांधून आणलेल्या कोळशानं तिनं पांढऱ्यांवर ठिपके दिले, काळ्यांवर पिठाचे. आणि आई जात्यावर बसून जशी गायची तशी हलक्या आवाजात एकेक ओळ बांधत गेली. ओळीत जो जिथं जाईल, तिथं बोट जायचं.

दोघा गं दिरांच्या । मधी उभी माझी सासू
तीन घरं खाली । नणंद म्हणे नको हसू

जाऊ उठून गेली । सासू आली गं पाण्याला
नणंदबाई बोले । उशीर झाला दाण्याला

अशा आठ ओव्या झाल्या तेव्हा गीताचं एक कडवं झालं. भाकरी थापताना ती तेच पुटपुटे. परातीच्या काठावर बोटं चालत. छबूबाई म्हणे, "बाई, कुणाच्या सासूला शिव्या देता वो एवढ्या?"

"माझ्याच."

"मरून धा वर्सं झाली की तिला! आता तरी सोडा."

कधी कधी स्टुलावरच डोळा लागे. कपाळ पट्ट्यांवर टेकलं की चार-पाच सूर एकदम भुंकत आणि ती दचकून उठे, कोळशाचे ठिपके पुन्हा नीट करी, पुन्हा पहिल्या ओवीपासून. तो तास झाला की पाठीचा कणा वाळल्या काटकीसारखा वाटायचा. पण गीत जमत चाललं होतं. तिला ते ऐकू येत होतं. चढणं, वळणं, शेवटाला सावकाश उतरणं, सगळं.

रविवारला आठ दिवस राहिले तशी तिनं छबूबाईला आणून बाकावर बसवलं. छबूबाई काही चर्चची नव्हती, पण कान तिखट. रेबेकानं कडवं अथपासून इतिपर्यंत वाजवलं, न अडखळता. मग वळून पाहिलं.

छबूबाई गालावर बोट ठेवून बसली होती. "झ्याक हाय," ती म्हणाली. "पर बाई, गानं कवा लागायचं?"

"म्हणजे?"

"ही नुसती घुम घुम. जात्यावानी. गानं कुटं हाय यात?"

रेबेका चिडली. पुन्हा वाजवायला घेतलं आणि या वेळी ओवी न म्हणता स्वतःच कान दिला. घुम, घुम. घुम घुम घुम. छबू खरं बोलत होती. चाल नव्हतीच.

मग तिच्या ध्यानात आलं. तीस वर्षं ती डावीकडं उभी होती. दिसायचा तो मास्तरांचा डावा हात. उजवा हात त्यांच्या अंगाआड. चाल त्या उजव्या हातात होती, आणि डाव्या हाताकडं बघताना ती कानांनी ऐकत आली होती, म्हणून आताही चाल तिच्या डोक्यात आपोआप वाजत होती. सासरच्या एकेका घराची ओळख करून घेतली होती तिनं. माहेरच्या वाटेला बोट लागलंच नव्हतं.

"आता वो?" छबूबाईनं विचारलं.

रेबेकानं आठ दिवस उजवा हात करून पाहिला. चाल सापडे, पण उजवा चालायला लागला की डावा थांबे. दोन्ही हात दोन वाटांनी नेणं त्या दमलेल्या डोक्याला झेपेना. शनिवारी ती पट्ट्यांसमोर नुसती बसली. रडूही येईना.

रविवारी चर्च भरलं. पोरांच्या हातात शिंदीच्या झावळ्या, त्याही वाळलेल्या. पाळकांनी गीताचा आकडा सांगितला. रेबेका स्टुलावर बसली. उजवा हात तिनं मांडीवर पदराखाली ठेवला आणि डावा सासूच्या दारात.

घुम घुम सुरू झालं. मंडळी वाट पाहत उभी राहिली. चाल येईना. कुणी खाकरलं, कुणी कुजबुजलं. पहिली ओळ अशीच कोरडी गेली. रेबेकानं डोकं वर केलं नाही. ती परत पहिल्या ओवीवर आली. दुसऱ्यांदा मात्र बायकांच्या बाजूनं एका म्हातारीनं आपल्या मनानंच पहिला शब्द उचलला. तिच्यामागं दुसरी, मग पुरुष, मग पोरं. जात्याच्या घरघरीवर ओवी बसावी तशी चाल त्या घुमण्यावर बसली. जरा सावकाश, जरा ताणून, पण बसली. चारही कडवी झाली.

बाहेर पायरीवर काकासाहेबांनी चष्मा पुसला. "रेबेकाबाई, खरं सांगू का? अर्धाच पियानो वाजला."

दारात भाकरीच्या रिकाम्या पाट्या घेऊन थांबलेली छबूबाई म्हणाली, "मंग अर्दा न्या नगरला. अर्दा ऱ्हाऊंद्या हितं."

काकासाहेबांना हसू आवरेना. बराच वेळ हसून झाल्यावर म्हणाले, "ठेवा. पाऊस पडेपर्यंत ठेवा. मग बघू."

पाऊस कधी पडायचा ते कुणालाच माहीत नव्हतं. रेबेकानं मान हलवली आणि खोलीकडं वळली.

मास्तर भिंतीकडं तोंड करून नव्हते. दाराकडं बघत होते, आणि चेहरा लाल. तिनं पाण्याचा पेला पुढं केला. त्यांनी तो डाव्या हातानं बाजूला सारला. मग बाजेच्या दांडीवर बोटं आपटली. ठक. ठक ठक. ठक. थांबले. तिच्याकडं रोखून पाहिलं. पुन्हा तेच.

"काय पाहिजे? कांजी देऊ?"

ठक. ठक ठक. ठक. तिसऱ्या ठोक्याला बोट कचकन दाबलेलं.

तो ठेका गीताच्या तिसऱ्या ओळीचा होता. रेबेका खाली बसली. "तिसऱ्या ओळीत चुकले होय?"

मास्तरांनी डोळे मिटून उघडले. होय.

"अहो, पहाटेपासून साठ पोरींच्या भाकरी थापून बसले होते मी."

त्याचं त्यांना काही नव्हतं. ठक. ठक ठक. ठक. तिनं कांजी आणली. चमचा पुढं केला की तोंड उघडायचं, गिळायचं, आणि लगेच बोट दांडीवर. निम्मी वाटी संपली तेव्हा तिच्या पापण्या जड झाल्या होत्या. भिंतीला डोकं टेकवून ती बसल्या बसल्या म्हणाली, "बरं बरं. उद्या तीनला जाऊन बघते. नणंदेच्या जागी जाऊ पडली असेल."

बाहेरून छबूबाईनं हाळी दिली, "बाई, उकड निवली बगा! पोरी ताटं वाजवायला लागल्यात!"

"आले गं."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. मागं दांडीवर ठकठक चालूच होती.